बंगळुरूच्या बाल्कनीतली रोपवाटिका

युरोप-अमेरिकेत फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटोचं बी घरात, दिव्याखाली रुजवतात, कारण बाहेर बर्फ असतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, पण जानेवारीच्या अखेरीसही रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे इथे दिव्यांचा खटाटोप निव्वळ हौस! ट्रे आडोशाला ठेवला की पुरे.

इथे रोपं आत ठेवण्याचं खरं कारण थंडी नव्हे, पांढरी माशी. ऊन वाढू लागलं की ती फोफावते आणि टोमॅटोत पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते. कोवळ्या रोपाला लागण झाली, तर फळाची आशाच सोडावी. म्हणून ट्रेवर पहिल्या दिवसापासून बारीक नायलॉन जाळी हवी. वाणही विचारपूर्वक निवडावा. शहराजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो.

प्रो-ट्रेमध्ये भिजवलेलं कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एकच बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावं. पाणी बेतानं, नाहीतर बुरशीनं रोपं बुडाशी कोलमडतात. अंकुर दिसताच ट्रे उजेडात. टोमॅटो साधारण साडेतीन आठवड्यांत लावणीला येतो, मिरची पाच-सहा आठवडे घेते. भेंडी आणि घेवडा मात्र थेट कुंडीतच पेरावेत.