पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार का जुळत नाहीत? सहा डबे जोडून स्वतःच मोजा

गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा. मागे तानपुरा चालू आहे, समोर पेटी आहे आणि तुम्ही यमनचा गंधार धरलाय. कानाला काहीतरी टोचत राहतं. गुरुजी म्हणतात, "गंधार चढा लागतोय." तुम्ही म्हणता, "पण पेटीवर तर हाच आहे!"

दोघंही खरं बोलत असतात. भानगड पेटीत आहे.

आता थोडे आकडे बघू, घाबरू नका. समजा तुमची पट्टी काळी चार आहे. त्या 'सा'ची कंपनं सेकंदाला साधारण २०७.६५. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशोबाने शुद्ध गंधार येतो २६१.६३ वर. तानपुऱ्याचा गंधार मात्र कुणी लावलेला नसतो, तो खर्जाच्या तारेतून आपसूक उमटतो. त्याचं नातं सरळ आहे, 'सा'च्या सव्वापट. म्हणजे २५९.५६. फरक फक्त दोन कंपनांचा, पण दोन्ही सूर एकत्र वाजले की आवाज सेकंदाला दोन वेळा डोलतो. तेच टोचतं.

हा वाद काही आजचा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. त्यामागे पेटीवर मींड घेता येत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून या दुखण्यावर एक उपाय काढला.

पण घरी बसून रियाज करणाऱ्याने काय करायचं? ट्यूनरची ॲप्स डाउनलोड करायची, तर त्यातली बरीचशी गिटारवाल्यांसाठी बनलेली असतात. ती पेटीचा गंधार बरोबर मानतात आणि तुमचा बरोबर लागलेला गंधार 'बेसूर' म्हणून लाल करून दाखवतात. म्हणजे ॲपचं ऐकून रियाज केला तर कान बिघडणार. आणि ॲप बदलायचं म्हटलं तर ते आपल्या हातात नाही.

मग आपल्यापुरतं एक छोटं अवजार स्वतःच बनवलं तर? कोडिंग न शिकता?

बनवता येतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचं नाव आहे प्युअर डेटा. वापरणारे त्याला नुसतं 'पीडी' म्हणतात.

ही कल्पना आली कुठून?

त्यासाठी १९८० च्या दशकातल्या पॅरिसला जावं लागेल. तिथे इर्काम नावाची संगीत-संशोधनाची संस्था आहे. तेव्हा त्यांच्याकडे फोर-एक्स नावाचं अवाढव्य यंत्र होतं, त्या काळाच्या मानाने प्रचंड ताकदीचं. अडचण अशी की संगीतकाराला त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर मध्ये प्रोग्रामर लागायचा. संगीतकार सांगणार, प्रोग्रामर लिहिणार, मग ऐकायचं, मग पुन्हा बदल. दुसरीकडे, आधी रेकॉर्ड केलेल्या टेपबरोबर वाजवायचं तर वादकाला टेपच्या मागे पळावं लागायचं, कारण टेप काही कुणासाठी थांबत नाही.

मिलर पकेट नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने यावर तोड काढली. मॅकिन्टॉश कॉम्प्युटरच्या पडद्यावर डबे काढायचे, प्रत्येक डब्याला एक काम द्यायचं आणि डबे तारांनी जोडायचे. अशा जोडणीला म्हणतात 'पॅच'. फिलिप मनूरी या संगीतकाराने १९८८ मध्ये पियानोसाठी 'प्लूटन' ही रचना केली, त्यात हे तंत्र वापरलं गेलं. तिथे यंत्र पियानोवादकाचं ऐकून त्याच्या मागे चालत होतं. आपल्याकडे तबलजी गायकाचा अंदाज घेतो, तसंच काहीसं.

या सॉफ्टवेअरचं नाव पडलं मॅक्स. हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून आलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९५७ साली त्यांनी कॉम्प्युटरकडून संगीत वाजवून घेणारा प्रोग्राम लिहिला होता. १९९० मध्ये मॅक्स बाजारात विकायला आलं. आज ते सायकलिंग सेव्हन्टी-फोर ही कंपनी बनवते आणि २०१७ पासून ती कंपनी एबलटनच्या मालकीची आहे. रेडिओहेड बँडचा जॉनी ग्रीनवुड मॅक्स वापरतो, ऑटेकर ही इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी तर वर्षानुवर्षं त्यावरच काम करते.

मॅक्स विकत घ्यावं लागतं. पण पकेटने १९९६ मध्ये त्याच कल्पनेवर दुसरं सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं, तेच आपलं प्युअर डेटा. २००८ मध्ये आलेल्या 'स्पोअर' या गेममध्ये ब्रायन ईनोच्या सहभागाने खेळता खेळता आपोआप तयार होणारं संगीत होतं. त्यासाठीही प्युअर डेटाचंच एक रूप वापरलं होतं.

आता आपलं अवजार बनवू

पीडी उघडलं की समोर कोरा कागद येतो. बटणं नाहीत, मेन्यूत वाद्यं नाहीत, काहीच नाही. इथेच निम्मी माणसं ते बंद करतात. तुम्ही करू नका.

आपल्याला असं अवजार हवंय, जे तुमचा आवाज ऐकून सांगेल की तुम्ही 'सा'पासून नेमके किती वर आहात. हे अंतर मोजायचं एकक म्हणजे सेंट. पूर्ण सप्तकात १२०० सेंट असतात. पेटीचा शुद्ध गंधार 'सा'पासून ४०० सेंटवर येतो आणि तानपुऱ्याचा ३८६ वर. म्हणजे आपल्याला ३८६ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे.

कंट्रोल आणि १ दाबलं की नवा डबा येतो. त्यात नाव टाइप करायचं, आणि नाव व आकडे इंग्रजीतच टाकायचे.

पहिला डबा: ए-डी-सी आणि पुढे टिल्डे, म्हणजे ती नागमोडी रेघ. हा तुमचा माइक. टिल्डे असलेले डबे प्रत्यक्ष आवाजावर काम करतात, साधारणपणे सेकंदाला ४४,१०० वेळा. टिल्डे नसलेले डबे फक्त निरोप आला की जागे होतात. म्हणून पडद्यावर आवाजाच्या तारा जाड दिसतात, निरोपाच्या बारीक.

दुसरा डबा: सिग्मंड आणि टिल्डे. खरं डोकं याचं. तो आवाज ऐकतो आणि सूर ओळखून आकडा देतो. त्याच्या भाषेत काळी चार म्हणजे ५६, तिच्या पुढची पांढरी सहा म्हणजे ५७, असं एकेक पट्टीने वाढत जातं. सूर दोन पट्ट्यांच्या मधे असेल तर आकडा दशांशात येतो.

तिसरा डबा: मोझेस, एक जागा सोडून शून्य. तुम्ही गप्प असता तेव्हा सिग्मंड भलामोठा उणे आकडा फेकतो. मोझेस आकड्यांचे दोन भाग करतो, शून्याच्या खालचे डावीकडे आणि बाकीचे उजवीकडे. बायबलमधल्या मोझेसने समुद्र दुभंगवला होता, त्यावरून हे नाव. प्रोग्रामर लोकांचे विनोद असेच असतात. आपण फक्त उजवीकडची तार पुढे न्यायची.

चौथा डबा: वजाबाकीचं चिन्ह, एक जागा, मग ५६. जागा सोडली नाही तर वजाबाकी होणार नाही, आणि पहिल्या दिवशी सगळेच इथे अडकतात. या डब्याने 'सा' शून्यावर आला. तुमची पट्टी पुरुषी आवाजाची काळी एक असेल तर ५६ च्या जागी ४९ टाका.

पाचवा डबा: गुणाकाराची चांदणी, जागा, १००. झाले सेंट.

सहावा डबा: कंट्रोल आणि ३ दाबून येणारा आकड्याचा डबा. याच्यात उत्तर दिसेल.

वरच्या डब्याच्या तळाशी क्लिक करून ओढत खालच्या डब्याच्या डोक्यापर्यंत आणलं की तार जोडली जाते. डब्याला एकाहून जास्त तोंडं असतील तर डावीकडचं वापरायचं, अपवाद फक्त मोझेसच्या उजव्या बाजूचा. शेवटी मुख्य खिडकीत डी-एस-पीच्या चौकोनात टिक करा आणि 'सा' लावा. शून्याच्या जवळपास आकडा हलताना दिसेल. आता गंधार लावा.

आकडा एका जागी थांबणार नाही, कारण माणसाचा गळा थांबत नाही. तीन-चार सेंट इकडेतिकडे होणारच, त्यात काळजीचं काही नाही. गंधार ३८६ च्या जवळ गेला की मागचा तानपुरा अचानक मोकळा वाटायला लागतो, आणि ते ऐकायला शिकणं हाच या उद्योगाचा खरा फायदा आहे. तानपुरा हेडफोनवरच ऐका, नाहीतर माइक तुमच्याऐवजी तानपुऱ्याचाच सूर मोजत बसेल.

मग तानपुराही बनवायचा का?

हात शिवशिवतात, हे खरं. तारेचा आवाज बनवायची एक भन्नाट सोपी युक्ती आहे. केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी ती १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. खरखरीचा एक छोटासा तुकडा घ्यायचा, तो एका ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा ऐकवायचा आणि दर फेरीला थोडा बोथट करायचा. बस. कानाला तार छेडल्यासारखं ऐकू येतं. किती वेळाने ऐकवायचं, त्यावर सूर ठरतो. काळी चारच्या 'सा'साठी साधारण ४.८२ मिलिसेकंद, त्याखालच्या खर्जासाठी ९.६३ आणि मंद्र पंचमासाठी ६.४२. जोडीच्या दोन्ही तारा 'सा'वर. एकामागून एक छेडल्या की झाला तानपुरा.

इथे एक खाचखळगा आहे. पीडीतला साधा विलंबाचा डबा वेळ पूर्ण नमुन्यांतच मोजतो. 'सा'साठी लागतात २१२.३७ नमुने, तो घेतो २१२. सूर तीन सेंटने चढतो. त्यामुळे वरच्या सगळ्या हिशोबावर पाणी. यासाठी अपूर्णांक समजणारा विलंबाचा दुसरा डबा पीडीत आहे, तो वापरायचा. शिवाय बोथट करण्याच्या पायरीतही किंचित वेळ जातोच, त्यामुळे शेवटचं लावणं कानाने करावं लागतं. खुंटी पिळायची नाही, आकडा सरकवायचा, एवढाच फरक.

आणि खरं सांगायचं तर हा तानपुरा गिटारच्या चुलतभावासारखा वाजतो. तानपुऱ्याचा जीव जवारीत आहे. तार घोडीच्या पसरट पाठीवर घासत जाते, खाली दोऱ्याचा तुकडा सरकवून जागा साधली जाते, तेव्हा तो झंकार उठतो. मिरजेतले कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन-चार डब्यांत ती जवारी येत नाही. त्यामुळे मिरजेचा तानपुरा घरी असेल तर तोच लावा.

पण तयार ॲपात नसलेली एक गोष्ट इथे पाच सेकंदांत होते. मालकंस गायचाय, त्यात पंचम नाही, पहिली तार मध्यमावर हवी. 'सा'ला पाऊणपटीने गुणणाऱ्या डब्यात ०.७५ च्या जागी ०.६६६७ टाका. मारव्यासाठी निषाद हवा तर ०.९३७५. तुमच्या गुरूंना निषाद जरा उतरा आवडतो? आकडा थोडा खाली घ्या.

हे किती दिवस चालेल?

फोनवरच्या ॲप्सचा अनुभव सगळ्यांना आहे. एक अपडेट येतं आणि आवडतं फीचर गायब. 'प्लूटन'चंच बघा, ज्या फोर-एक्स यंत्रासाठी ते बनलं ते यंत्र कधीच इतिहासजमा झालं. ती रचना पुन्हा वाजवता यावी म्हणून पकेटने तिचा पॅच प्युअर डेटात आणला. पीडीची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येही उघडते. जुने पॅच नव्या आवृत्तीत चालावेत, याची पकेट काळजी घेतो. आपल्या सहा डब्यांची फाइल मेसेजवर कुणालाही पाठवता येईल इतकी लहान असते.

पीडीचा करडा-पांढरा अवतार बघून मन खट्टू झालं तर प्लगडेटा वापरून बघा. आत इंजिन तेच, फक्त दिसायला देखणं आहे, फुकट आहे आणि गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणून बसतं. एबलटनवर काम करणाऱ्यांसाठी मॅक्स फॉर लाइव्ह आहे, ते लाइव्हच्या सगळ्यात महागड्या आवृत्तीबरोबर येतं.

एक धोका मात्र आधीच सांगतो. पॅच जोडताना तार चुकीच्या जागी गेली तर आवाज गोल फिरून वाढत जातो आणि हेडफोनमधून कानात किंकाळी येते. म्हणून सुरुवातीला कॉम्प्युटरचा आवाज अगदी बारीक ठेवा आणि नवी तार जोडताना हेडफोन कानावरून काढा. डी-एस-पीचा टिक काढला की सगळं तिथल्या तिथे गप्प होतं, कंट्रोल आणि टिंब दाबूनही होतं.