डोळ्यांची खाज : कोणते थेंब वापरावेत, कोणते टाळावेत?

डोळ्यांना खाज सुटणे, पाणी येणे, पापण्या सुजणे व सोबत शिंका येणे ही बहुधा ॲलर्जीची लक्षणे असतात. परागकण, धूळ किंवा प्राण्यांच्या केसांमुळे डोळ्यांत हिस्टामिन हे द्रव्य स्रवते व खाज सुटते. हा त्रास संसर्गजन्य नाही.

प्रथम काय करावे?
डोळे चोळू नयेत. चोळल्याने खाज वाढते आणि दीर्घकाळ चोळत राहिल्यास बुबुळाचा आकार बिघडू शकतो. थंड पाण्यात भिजवलेली स्वच्छ कापडाची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. बाहेरून आल्यावर हात व चेहरा धुवावा. गुलाबपाणी, मध, सुरमा डोळ्यांत घालू नये.

थेंबांची निवड
• कृत्रिम अश्रू : डोळ्यांतील कण धुऊन काढतात. सौम्य त्रासात उपयुक्त.
• ओलोपॅटॅडिन, केटोटिफेन : हिस्टामिनचा परिणाम रोखतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत.
• लाली घालवणारे थेंब, उदा. नॅफाझोलिन : खाजेचे मूळ कारण दूर करीत नाहीत. सतत वापरल्यास लाली पुन्हा वाढते.
• प्रतिजैविक थेंब : ॲलर्जीवर उपयोगी नाहीत.

स्टेरॉइडबाबत विशेष सावधानता
डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलेल्या थेंबांनी लवकर आराम पडतो. म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून ते पुन्हा पुन्हा आणले जातात. देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. यात सहसा वेदना होत नाहीत आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूचाही धोका असतो. दर उन्हाळ्यात ज्या मुलांचे डोळे खाजतात, त्यांच्याबाबत हा धोका अधिक संभवतो. बाटलीवरील घटकांची नावे अवश्य वाचावीत. असे थेंब सुरू असल्यास ते स्वतःहून चालू ठेवू नयेत वा बंद करू नयेत. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा.

थेंब घालताना
हात धुवावेत. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. दोन औषधांमध्ये किमान 5 मिनिटांचे अंतर ठेवावे. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढावी. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी व वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्यावी.

त्वरित डॉक्टरांकडे जावे, जर
डोळ्यात वेदना होत असतील, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल, घट्ट पू येत असेल किंवा एकच डोळा लाल झाला असेल. केवळ खाज सुटणे आणि डोळा दुखणे यांतील हा फरक घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावा.