शटर, स्प्रिंग आणि वादळ

दुकानाचे शटर तुम्ही रोज पाहता. सकाळी दुकानदार खाली वाकतो, कडीला हात घालतो आणि खडखडाट करीत शटर वर जाते. आता कोकणात पुष्कळ बंगल्यांना गाडी ठेवायची खोली असते. तिलाही असेच शटर असते. पण तिथे वाकावे लागत नाही. भिंतीवरचे बटण दाबले की मोटर फिरते आणि शटर आपोआप वर चढते. काहींच्या खिशात तर किल्लीएवढा रिमोट असतो.

सोय चांगली आहे. पण आपली हवा या सोयीला मानवत नाही. मे महिन्यात पत्रा तापतो. जून आला की वारा, विजा, पाऊस. समुद्राकाठी तर बाराही महिने खारा वारा. मग शटर मध्येच अडकते, मोटर नुसती गुरगुरते, आणि मालक म्हणतो, "मोटर गेली. नवी बसवा." पुष्कळदा मोटर गेलेली नसतेच. बिघाड दुसरीकडे असतो आणि कधीकधी तो जिवावर बेतणारा असतो. म्हणून हे यंत्र चालते कसे, ते आधी समजून घेऊ.

दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असे लोखंडी शटर शंभर किलोच्या घरात भरते. म्हणजे तांदळाची दोन भरलेली पोती. मग साठीचा दुकानदार ते एका हाताने कसे उचलतो? तो उचलतच नाही. स्प्रिंग उचलते.

शटर म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्या, एकीत एक अडकवलेल्या. दाराच्या वर एक आडवा पाइप असतो. चटई गुंडाळावी तशा या पट्ट्या त्या पाइपावर गुंडाळल्या जातात. पाइपावर ठिकठिकाणी गोल डबे असतात आणि प्रत्येक डब्यात पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. जुन्या घड्याळाला चावी देत असत, आठवते? आत एक पट्टी आवळली जाई. मग दिवसभर ती हळूहळू सुटे आणि काटे फिरवी. इथेही तसेच आहे. शटर खाली येते तेव्हा त्याच्या वजनाने स्प्रिंग आवळली जाते. शटर वर जाते तेव्हा तीच स्प्रिंग सुटत जाते आणि वजन ओढून धरते. माणसाला फक्त थोडा हातभार लावायचा असतो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. शटर पूर्ण बंद असते तेव्हा बाहेरून सारे शांत दिसते, पण नेमक्या त्याच वेळी वरची स्प्रिंग सर्वांत जास्त आवळलेली असते. अशा वेळी कुणी शिडीवर चढून तिचे बोल्ट सैल केले, तर ती स्प्रिंग एका झटक्यात सुटते. बोटे तुटतात. तोंडावर बसली तर डोळा जातो. स्प्रिंगचे काम शटरच्या मिस्त्रीचेच. वायरमन कितीही हुशार असला, तरी हे त्याचे काम नव्हे. घरातल्या कर्त्या पोराचे तर नव्हेच नव्हे.

आता मोटर. ती दोन प्रकारे बसवतात. एक प्रकार म्हणजे पाइपाच्या मधोमध. इथे स्प्रिंगा असतातच. वजन त्या पेलतात आणि मोटर नुसता हातभार लावते, म्हणजे दुकानदाराच्या हाताचेच काम करते. दुसऱ्या प्रकारात मोटर एका बाजूला असते आणि सायकलसारख्या साखळीने पाइप फिरवते. तिथे बहुधा स्प्रिंग नसते. सगळे वजन मोटर, तिचा गिअर आणि तिचा ब्रेक यांच्यावर असते. या मोटरीजवळ एक लांब लोखंडी साखळी लोंबत असते. वीज नसली की ती ओढून शटर हाताने वरखाली करता येते. मधल्या मोटरीला साखळी नसते. तिची एक बारीक दोरवायर कडेला आणलेली असते. ती ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर हाताने उचलता येते.

तुमच्या शटराला यातले काय आहे, ते वर मान करून आजच पाहून ठेवा.

शटर अडले की आधी काय करायचे? मोटर मधोमध असेल तर अशी परीक्षा घ्यावी. शटर पूर्ण खाली असले पाहिजे, ही पहिली अट. मग मोटरची वीज मेनपासून बंद करावी. दोरवायर ओढावी आणि दोघांनी मिळून शटर हाताने हळूहळू उचलावे. खाली पाय ठेवू नये. शटर सहज उठले आणि कमरेएवढ्या उंचीवर सोडल्यावर जागच्या जागी राहू लागले, तर स्प्रिंगा ठीक आहेत. मग मोटरकडे पाहावे. पण शटर उठतच नसेल, किंवा हात ढिला करताच खाली येऊ लागले, तर एखादी स्प्रिंग तुटली आहे, नाहीतर ढिली पडली आहे. तिथे नवी मोटर बसवाल, तर तीही चार महिन्यांत जळेल. बिचारीला दोन पोती एकटीने ओढावी लागतात!

आणि शटर वर असताना अडले तर? तर दोरवायरला हात लावू नये. स्प्रिंग तुटलेली असली, तर ब्रेक सुटताच अख्खे शटर धाडकन खाली येते. खालून माणसे आणि पोरे दूर करावी, दोन्ही बाजूंना लाकडाचे भक्कम टेकू द्यावे आणि मिस्त्रीला बोलवावे.

उन्हाळ्यातल्या तक्रारी निराळ्या. ही मोटर पंख्यासारखी तासन्‌तास चालण्यासाठी केलेली नसते. चारपाच मिनिटे सारखी वरखाली केली की ती तापते. आत एक राखणदार असतो. ठरावीक गरमी झाली की तो वीज तोडतो. मे महिन्यात पश्चिमेकडचे शटर असेल, वरचे पत्र्याचे झाकण दुपारभर तापलेले असेल आणि घरातली पोरे रिमोटशी खेळत असतील, तर मोटर बंद पडणारच. ती बिघडलेली नाही. अर्धा तास थांबा. गार झाली की आपली आपण चालू होते. या एका गोष्टीसाठी मिस्त्रीच्या फेरीचे पैसे देणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही, तेव्हा पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. छताच्या पंख्याला असतो तसाच हा डबीएवढा भाग. उन्हाने तो फुगतो आणि निकामी होतो. मोटरच्या मानाने तो फारच स्वस्त असतो. मात्र तो वायरमनकडूनच बदलून घ्यावा, कारण वीज बंद केल्यावरही कंडेन्सर थोडी वीज धरून ठेवतो आणि उघड्या टोकांना बोट लागले तर झटका देतो. वीज फार कमी दाबाने येत असेल, दिवे पिवळे पडले असतील, तरीही मोटर अशीच गुरगुरते. तेव्हा बटण दाबत बसू नये. आतली तार जळते.

काही शटरांना खाली दोन्ही बाजूंना काचेचे छोटे डोळे असतात. मध्ये मूल किंवा मांजर आले, तर शटर थांबावे म्हणून ते लावतात. आमच्या मते पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावे, इथे नाही. पण या डोळ्यांची एक गंमत आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात मावळतीचे ऊन सरळ डोळ्यात शिरते आणि शटर संध्याकाळचे बंदच होत नाही. रात्री पाहावे तर ठणठणीत! डोळ्यावर पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची छोटी झडप केली की काम भागते. कधी कुंभारीण माशी तिथेच मातीचे घर बांधते, कधी कोळी जाळे विणतो. मऊ कोरड्या फडक्याने डोळे पुसावे.

खाऱ्या वाऱ्याचा मार बसतो तो बाजूच्या खाचांना. या खाचांतून पट्ट्या वरखाली सरकतात. तिथे गंज आणि रेती साचते, शटर जड होते आणि तो भार मोटरवर येतो. पुष्कळजण खाचेत गाडीचे जळके ऑइल ओततात. दोन दिवस बरे वाटते. मग त्या ऑइलला रेती चिकटते आणि तिचा सरसकागद होतो. त्यापेक्षा खाच ब्रशने झाडावी, ओल्या फडक्याने मीठ पुसावे, सुकू द्यावी आणि मेणबत्ती घासावी. ग्रीस हवे ते साखळीला आणि गिअरला, खाचेला नव्हे. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा एवढे केले, तरी शटराचे आयुष्य वाढते.

आता विजांचे बोलू. आपल्याकडे विजा जास्त कडाडतात त्या पाऊस सुरू होण्याआधी, मे-जूनमध्ये, आणि पुन्हा परतीच्या पावसात. वीज घरावर पडायला हवी असे नाही. दूर तारेवर पडली तरी तिचा लोंढा तारेतून घरात येतो आणि रिमोटची पाटी जळून जाते. नुसते बटण बंद करून हा लोंढा थांबत नाही. आभाळ भरून आले की प्लग भिंतीतून काढून ठेवावा. रिमोटच्या पाटीची किंमत ऐकलीत तर एवढा त्रास जड वाटणार नाही.

पण पाटीपेक्षा माणूस मोलाचा. शटर लोखंडाचे, जमीन ओली, माणूस अनवाणी. वायरचे वेष्टण कुठे सोलले असेल, तर सगळ्या शटरात वीज उतरते. पावसाळ्यात शटरला हात लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने. हाताला मुंग्या आल्या, चिमटा बसल्यासारखे वाटले, तर "थोडा करंट मारतो" असे म्हणून सोडून देऊ नका. त्याच मिनिटाला मेन बंद करा. शटरला नीट अर्थिंग हवे. खाऱ्या हवेत अर्थिंगची तार जमिनीजवळ गंजून तुटते आणि कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून दर वर्षी ती वायरमनला दाखवावी. मेनच्या पेटीत गळती ओळखून वीज तोडणारा स्विचही हवा. कोणी त्याला ईएलसीबी म्हणतात, कोणी आरसीसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर असा आकडा असतो. त्याला तपासणीचे छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर स्विच बिघडला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. खांब पडले, तारा तुटल्या आणि कित्येक गावे कितीतरी दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी मोटरचे शटर म्हणजे बटण असूनही न उघडणारे दार.

वादळात मोठे दार का जपायचे, ते दूरच्या एका उदाहरणावरून चांगले समजते. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. आपल्यासारखेच उष्ण, आणि वादळे तर नेहमीचीच. तिथे घराघराला गाडीची खोली असते आणि तिला रुंद दार. २४ ऑगस्ट १९९२ रोजी तिथे अँड्र्यू नावाचे वादळ आले. नंतर तज्ज्ञांनी पडकी घरे तपासली. त्यांना दिसले की पुष्कळ घरांत आधी गाडीखोलीचे दार आत मोडले, तिथून वारा घरात घुसला आणि आतून छपराला वर ढकलले. वरून ओढणारा वारा, आतून ढकलणारा वारा. छप्पर टिकेल कसे? त्यानंतर तिथे दारे जास्त मजबूत करण्याचे नियम झाले.

आपल्या शटराचेही तेच. रुंद पत्रा वाऱ्याने फुगतो आणि पट्ट्यांची टोके खाचेतून निसटतात. टोकांना लावलेल्या लोखंडी क्लिपा गळून पडल्या असतील, तर लवकर निसटतात. मे महिन्यातच त्या मोजून घ्याव्या. वादळाची सूचना मिळाली की वीज आहे तोवर शटर खाली घ्यावे, दोन्ही बाजूंच्या कड्या घालाव्या, मग प्लग काढावा. वारा चालू असताना शटराला पाठ लावून कुणी उभे राहू नये. पुष्कळजण तसे करतात. शंभर किलो पत्र्यापुढे पाठ ती काय!

सर्वांत काळजीची गोष्ट निराळीच आहे. काही दुकानांत नोकर रात्री आत झोपतात. शटर हेच एकुलते एक दार. मध्यरात्री वीज गेली, पाणी चढू लागले किंवा वायर पेटली, तर अंधारात तो माणूस बटणच दाबत राहणार. म्हणून आत झोपणाऱ्या प्रत्येकाला साखळी किंवा दोरवायर कुठे आहे ते दाखवावे आणि दिवे मालवून एकदा त्याच्याकडून शटर उघडवून घ्यावे. जिथे मागचे दार नाही, तिथे माणसाला झोपवू नये. साखळी ओढण्याआधी प्लग काढायचा, हेही सांगावे. नाहीतर वीज अचानक आली, की मोटर फिरते आणि साखळीत हात सापडतो.

वादळ गेल्यावर घाईने बटण दाबू नका. खाचेत फांद्या, गाळ अडकलेला असतो. पट्ट्या वाकलेल्या असतात. पुराचे पाणी आले असेल, तर मोटर वर असल्याने कोरडी राहते, पण बटणांची पेटी भिजलेली असते. ती वायरमनने उघडून सुकवल्याशिवाय वीज जोडू नये, आणि पुन्हा बसवताना छातीएवढ्या उंचीवर बसवावी. मग पहिल्यांदा शटर चालवताना एक बोट थांबायच्या बटणावर तयार ठेवावे. शटर कुठे थांबायचे ते एक छोटा स्विच ठरवतो. धक्क्याने तो सरकला असेल, तर शटर वर जाऊन झाकणात घुसते, नाहीतर जमिनीला टेकूनही खालीच ढकलले जाते.

बटणांवर बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या शेजारी ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहा: वर, थांब, खाली. दोरवायरजवळ लिहा: शटर खाली असेल तरच ओढा. आणि आतल्या भिंतीवर खडूने तारखा लिहीत जा, खाचा कधी झाडल्या, अर्थिंग कधी तपासले, कंडेन्सर कधी बदलला. मिस्त्री आला की आधी ती भिंत वाचील.