मानेतली फट आणि खांद्याची कळ

रायपूरच्या उरला औद्योगिक क्षेत्रात लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराचा वजन उचलून उचलून खांद्याचा स्नायुबंध फाटला, तर तो दुर्बिणीतून शिवता येतो. खरी परीक्षा असते त्यानंतरच्या पहिल्या रात्री. खांद्याची कळ कूस बदलू देत नाही, डोळा लागू देत नाही.

आणि ही कळ मानेतल्या एका अरुंद फटीत अडवता येते! खांद्याकडे जाणारे चेतातंतू मणक्यातून निघून मानेच्या दोन स्केलिन स्नायूंमधल्या याच फटीतून उतरतात. भूलतज्ज्ञ मानेवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात आणि पडद्यावर एकाखाली एक तीन काळे गोल दिसतात, अगदी चौकातल्या सिग्नलसारखे. सुईचं टोक त्यांच्या शेजारी नेऊन रोपिवॅकेन किंवा बुपिवॅकेन सोडतात. औषध पसरताना दिसतं, गोलांभोवती काळं कडं धरतं. थोड्या वेळाने रुग्ण हात उचलायला जातो, तर हात ऐकतच नाही. माणूस मात्र जागा असतो, बोलत असतो.

औषधाची करामत तर त्याहून सुंदर. चेतातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडल्याशिवाय वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. औषध आवरण ओलांडून आत शिरतं आणि ही दारं आतल्या बाजूने अडवतं. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला, तिथून ही वाट सुरू झाली. या फटीत औषध सोडून चेतातंतू बधिर करण्याची पद्धत अॅलॉन विनी यांनी १९७० मध्ये मांडली.

एका इंजेक्शनचा असर साधारण १२ ते १८ तास टिकतो. तो ओसरला की कळ एकदम उसळते. म्हणून हात बधिर असतानाच, दुखत नसलं तरी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू करायच्या. हे घरच्यांना नीट समजावून सांगायलाच हवं.

श्वासपटल हलवणारा फ्रेनिक चेतातंतू याच फटीला लागून जातो. नेहमीच्या २० मिलिलिटर औषधाने त्या बाजूचं अर्धं श्वासपटल जवळजवळ हमखास थांबतं. निरोगी माणसाला बहुधा ते जाणवतही नाही. पण भट्टीच्या धुरात-धुळीत फुप्फुसं झिजलेल्या कामगाराला धाप लागू शकते. त्यामुळे खोकला, दमा, धुळीत काढलेली वर्षं हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. मग ते औषध कमी करतात, किंवा मान सोडून खांद्याच्या पात्यामागून जाणारा चेतातंतू गाठतात. आराम थोडा उणा पडेल, पण श्वास मोकळा राहतो.