मावळचा पाऊस आणि उघडा लाकडी ओटा : सागवान की संमिश्र फळी?

लोणावळा, खंडाळा व पवना परिसरातील बंगल्यांना दरीच्या बाजूस उघडा लाकडी ओटा, म्हणजे प्रचलित शब्दात ‘डेक’, जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यासाठी सागवान वापरावे की लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांपासून बनविलेली संमिश्र फळी, हा प्रश्न बहुधा दराच्या अंगाने विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो पाण्याच्या अंगाने तपासला आहे.

या संदर्भातील सर्वांत जुना पुरावा मावळातच आहे. भाजे येथील चैत्यगृह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील. त्याच्या छताखालील मूळ लाकडी कमानींपैकी कित्येक आजही जागेवर असून तेथील लाकडावर ब्राह्मी लेखही आढळले आहेत. कार्ले येथील चैत्यगृहातही अशा कमानी टिकून आहेत. भाजे येथील दर्शनी बाजूचा लाकडी पडदा मात्र नाहीसा झाला. तो बसविण्यासाठी खडकात खोदलेल्या खाचा तेवढ्या उरल्या. हा नाश केवळ पावसाने झाला असे म्हणता येणार नाही. तथापि छताखालचे लाकूड दोन हजार वर्षे टिकते आणि उघड्यावरचे टिकत नाही, ही बाब सूचक आहे. ‘डेक’ हा स्वभावतःच उघड्यावरचा असतो.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला लाकडात साधारणतः 20 टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. धुक्यामुळे दोन सरींच्या मध्येही लाकूड वाळत नाही. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये बुरशी व वाळवी यांना रोखतात. परंतु गाभ्याभोवतीच्या पांढरट लाकडाला हे संरक्षण नसते आणि लागवडीच्या कोवळ्या सागात तोच भाग अधिक असतो. म्हणून बिलावर ‘सागवान’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. फळीचा रंग पाहावा लागतो. जुन्या वाड्यांतून निघालेले लाकूड या दृष्टीने अनेकदा सरस ठरते.

संमिश्र फळी ‘कधीच न कुजणारी’ म्हणून विकली जाते, ते अर्धसत्य आहे. तिच्यातील भुसा प्लॅस्टिकने वेढलेला असल्याने पाणी हळू शिरते, पण शिरते. बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण नसलेल्या फळीवर सावलीत काळी बुरशी धरते. एप्रिल-मेच्या उन्हात ती लांबीने वाढते, म्हणून टोकांना फट न ठेवल्यास वाकते. शिवाय ती लाकडाइतकी ताठ नसल्याने खालच्या तुळयांमधील अंतर साधारणतः 400 मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लाकडाप्रमाणे रंधा मारून तिला नवे रूपही देता येत नाही.

खरी चूक बहुधा तुळयांत होते. महागडी संमिश्र फळी साध्या लाकडाच्या तुळयांवर ठोकली, तर वरचा भाग शाबूत राहून खालचा आधार कुजतो; आणि तो दिसत नाही. दरीकडच्या ओट्यावर हे जिवावर बेतू शकते. जस्तलेपित पोलादाची चौकट आणि खालून वारा खेळेल एवढी जागा, हा खर्च फळीच्या आधी करावयाचा आहे.

सागवानाच्या उघड्या ओट्याला दर पावसाळ्यानंतर साफसफाई व तेलाचा हात लागतो. येथील अनेक बंगले मात्र शनिवार-रविवारपुरतेच उघडतात. जेथे ही देखभाल होणार नाही, तेथे पोलादी चौकटीवरील, आवरण असलेली संमिश्र फळी अधिक सुरक्षित. पागोळ्यांच्या आत राहणाऱ्या पडवीला मात्र सागवानच शोभते व टिकते.