शिपायाचा अधिकारी होताना पगाराचं काय?

आता मघाचा प्रश्न घेऊ. अमेरिकी लष्करात 'ग्रीन टू गोल्ड' योजना आहे. किमान २ वर्षं सेवा झालेला सैनिक तीतून पदवी घेऊन अधिकारी होऊ शकतो. पण मेख अशी, की शिष्यवृत्ती घेतली तर सक्रिय सेवा सोडावी लागते. फी सरकार भरतं, पगार बंद! हातात येतो तो किरकोळ मासिक भत्ता. दुसऱ्या वाटेने पगार चालू राहतो; फीचं मात्र आपलं आपण बघायचं (जीआय बिल वापरता येतं) आणि पदवी २४ महिन्यांत संपवायची. बायकापोरं असलेल्या, निम्मं कॉलेज झालेल्या सार्जंटला आम्ही दुसरीच वाट सुचवू. आपल्याकडे जवान देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात ३ वर्षं शिकतो. कॉलेजच लष्कराचं, त्यामुळे फीचा हा पेच तिथे नाही.