चढणीचा मासा: पहिल्या पुराबद्दलचे गैरसमज

मृगाचा पाऊस कोसळला, की पूर्णा, वाण, शहानूर, पेढी, काटेपूर्णा या नद्यांना गढूळ पाणी येतं आणि अमरावती-अकोल्याकडच्या गावांत बातमी फिरते: मासे चढले. जाळी असो, मच्छरदाणी असो की जुनं लुगडं, हाती लागेल ते घेऊन माणसं बंधाऱ्याकडे धावतात. ‘पयल्या पुराचा मासा घ्या लागते पकडून, नाई तं वाहूनच जाते,’ असं सांगणारं कोणी ना कोणी काठावर असतंच.

मासा वाहून जात नसतो. तो धारेच्या विरुद्ध, स्वतःच्या ताकदीवर वर चढत असतो. उन्हाळाभर डोहात तगून राहिलेले मासे नव्या पाण्याची ओढ लागताच निघतात, ते अंडी घालायला. पूर पसरलेली उथळ शेतं, नाल्याकाठचं बुडालेलं गवत, तिथलं संथ पाणी ही त्यांच्या पिलांची जागा. तिथे सूक्ष्म खाद्य भरपूर मिळतं आणि मोठे शिकारी मासे कमी पोहोचतात. कोल्हापुरी बंधाऱ्याखाली जी झुंबड दिसते, ती वाट अडलेल्या, अंड्यांनी भरलेल्या माद्यांची आणि त्यांच्यामागच्या नरांची असते.

‘मासे पावसाबरोबर आभाळातून पडतात’ हा समजही अजून टिकून आहे. काल कोरड्या असलेल्या खाचरात आज मरळ दिसली, तर तसं वाटणं साहजिक आहे. पण मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात. ओल्या चिखलात ते तग धरतात, बोटभर पाण्यातून सरपटत पुढे जातात. खारपाणपट्ट्यातल्या नदीत मासा नसतो, हेही खरं नाही. तिथला खारेपणा मुख्यतः भूजलातला. पावसाळ्यात नदीला येतं ते गोडं पाणी.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘मासा लाखांनी अंडी घालतो, दोन-चार माद्या धरल्या तर काय बिघडतं?’ रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, हे खरं. पण ती पाण्यात मोकळी सोडलेली असतात. त्यातली बहुतेक अंडी आणि पिलं वाळतात, वाहतात किंवा दुसऱ्यांच्या पोटात जातात. लाख अंडी घालावी लागतात ती त्यासाठीच.

मरळीचा हिशेब तर अगदी वेगळा. तिची अंडी काही हजारांच्या घरात. पाणवनस्पतींत जागा मोकळी करून तिथे ती तरंगत ठेवलेली असतात आणि नर-मादी राखण करतात. पिलं निघाली की नारिंगी-तांबड्या रंगाचा एक थवा पाण्यावर फिरताना दिसतो. थवा श्वासाला वर आला की पाणी पावसाच्या थेंबांनी उडावं तसं थरथरतं, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर आई-बाप असतात. जवळ येणाऱ्या कशावरही ते झडप घालतात, म्हणून या दिवसांत गळाला चटकन लागतात. ही मरळ काढली, की काही वेळातच तो तांबडा थवा इतर मासे फस्त करतात. अशा थव्याखालची मरळ मारणं मला साफ चुकीचं वाटतं.

‘सरकार बीज सोडतंच की’ असं यावर उत्तर मिळतं. सोडलं जातं ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचं. हे मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले, साचलेल्या तळ्यात सहसा न विणारे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून बीज केंद्रांचा मार्ग खुला झाला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण. महान किंवा सिंभोऱ्याच्या धरणात मच्छीमार संस्थांना या बीजाचा मोठा आधार आहे. पण त्या बोटुकलीने नदीतली मरळ, वाम आणि शिंगाळा भरून निघत नाहीत.

मोबाइलवर हिमाचलातल्या ट्राउटची गळमासेमारी पाहून ‘सीझन सुरू झाला’ म्हणत नव्या पाण्यात गळ टाकणारी तरुण मुलंही आता दिसतात. ट्राउट थंड पाण्याचा मासा. तो आपल्या नद्यांत जगणार नाही, पण त्याच्या हंगामाचा नियम समजून घेण्यासारखा आहे. ट्राउट हिवाळ्यात वितो, म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि वीण आटोपल्यावर मार्चमध्ये उघडते. आपल्या माशांसाठी मृगाचा पूर म्हणजे तसाच विणीचा काळ. मेळघाटाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदी-तळ्यांतली मासेमारी याच कारणाने बंद असते. पावसाळी बंदी फक्त कोकणच्या समुद्रापुरती असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

डोहात विष टाकणं किंवा सुरुंग लावणं ‘जुनी रीत’ म्हणून चालतं असं समजणाऱ्यांनी १८९७चा भारतीय मत्स्य कायदा पाहावा. दोन्ही तेव्हापासून गुन्हा आहेत. मेळघाटच्या राखीव जंगलातल्या नद्यांत तर गळही टाकता येत नाही.

गाबोळीने भरलेला मासा चवीला सर्वांत उत्तम, असं म्हणतात. पण अंडी तयार करण्यात त्याची चरबी खर्ची पडलेली असते, अंगचं मांस उतरलेलं असतं. पोळा होऊन गेला, पाणी निवळलं, की तोच मासा महिनाभर खाऊन भरलेला मिळतो. गळ तेव्हा टाकावा.